एका श्वासातले वाक्य

प्रिय बडबडे,

काल फोनवर मी गप्प राहिलो म्हणून तू चिडून फोन ठेवलास. तुझा राग रास्त आहे. पण त्या गप्प बसण्याला कारण होते, आणि कारण सांगायचे म्हणजे मला पार मुळापासून सुरुवात करावी लागणार. तू जांभई देणार, हे गृहीत धरले आहे.

इथे थंडी उतरली आहे. संध्याकाळी गच्चीतून पाहिले की सारे शहर दुधात बुडवून ठेवल्यासारखे दिसते. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला सोनेरी खळे पडते, चंद्राला पडते तसे. तुला ती खळी फार आवडायची. मात्र चंद्राचे खळे बर्फाच्या स्फटिकांचे असते आणि हे आपल्याच धुराचे: गाड्यांच्या, भट्ट्यांच्या, जाळलेल्या कचऱ्याच्या. त्यातले कण इतके सूक्ष्म, की एका केसाच्या जाडीत तीसेक सहज शेजारी शेजारी बसावेत! जाड धूळ बिचारी प्रामाणिक असते; नाकात अडते, शिंक आणते, आल्याची वर्दी देते. हे बारीक कण घशाला चुकवून श्वासनळीच्या फांद्याफांद्यांतून थेट शेवटच्या वायुकोशांपर्यंत उतरतात, जिथे हवा आणि रक्त यांच्यात एक तलम पडदाच काय तो उरतो. वाटेतल्या नळ्या सुजतात, आवळतात. केवढी अद्भुत रचना, आणि केवढ्याशा पाहुण्याने तिची दैना करावी! त्यात हिवाळ्यात वरची उबदार हवा झाकणासारखी बसते, म्हणून सारा धूर खालीच कोंडतो. तुझ्या ताईचे घर आहे ती टेकडी त्या झाकणाच्या वर आहे. झोप लागता लागता मला नेहमी तेच दिसते: खाली पांढरा समुद्र, आणि वर अंगणात केस वाळवत बसलेली तू.

दवाखान्यात माझी श्वास-तपासणीची खोली भरलेली असते. आज एक म्हातारा काचकारागीर आला होता. मी यंत्राची नळी त्याच्या तोंडात दिली आणि सवयीने ओरडलो, "फुंका, फुंका, अजून फुंका, सोडू नका!" तो धापा टाकत म्हणाला, "साहेब, आमची बायकोसुद्धा एवढी मागे लागत नाही हो."

तुझा आजार मात्र मला यंत्राच्या आधी कळला होता, तुझ्या वाक्यांवरून. लग्न झाले तेव्हा तुझ्या बोलण्यात पूर्णविराम नव्हता. भाजीवाल्यापासून निघालेले वाक्य मावशीच्या गुडघेदुखीला वळसा घालून माझ्या न धुतलेल्या सदऱ्यावर येऊन आदळायचे. मग त्यात स्वल्पविराम आले. मग नुसतेच "पाणी... दे" उरले. शेवटी तू मानेनेच हो-नाही सांगू लागलीस, आणि आई म्हणाली, "घर कसं खायला उठतंय रे." म्हणून तुला ताईकडे पाठवले.

आणि काल तू म्हणालीस, "मी आता ठणठणीत आहे, ताईकडे पाहुणी म्हणून राहायचं तरी किती, सामान बांधून झालंय, रविवारी येते, आईंना म्हणावं तुमच्या हातचं खायचंय, आणि फुंकणीमास्तर, तुम्ही जेवता का नीट, का नुसतं लोकांना फुंकायला लावता?" हे सारे एका श्वासात. मी शब्द ऐकतच नव्हतो. वाक्य कुठे तुटते याची वाट पाहत होतो, आणि ते तुटलेच नाही. शेजारी कान लावून बसलेली आई पदराने डोळे टिपत म्हणाली, "लागली बाई एकदाची बोलायला!"

म्हणूनच हे पत्र, कारण फोनवर मला हे बोलवले नसते: रविवारी येऊ नकोस. सामान सोड. बरे वाटते म्हणून औषधाचा पंपही बंद करू नकोस. थंडी सरून हे झाकण उडेपर्यंत तिथेच राहा. नवऱ्यानेच बायकोला घरी येऊ नको म्हणावे, याचा ताई काय अर्थ लावायचा तो लावो. रविवारी मीच वर येतो. तू दारातच भांडायला सुरुवात कर, आणि मधे कुठेही थांबू नकोस.

तुझाच,
फुंकणीमास्तर