दीड तासाचं अंतर

ओलाइने, ४ ऑक्टोबर १९९७

चि. आर्विस यास विल्माताईचे अनेक आशीर्वाद.

बाबांनी अन्न सोडलंय. चार महिने अंथरुणावर आहेत, पण आता डॉक्टरही नजर चुकवतात. तीन वर्षं तुझं नाव न घेणारा हा माणूस काल आईला म्हणाला, की तो पाववाला, म्हणजे तू, कुठवर आलाय ते बघ. कोपनहेगन ते रीगा सव्वासातशे किलोमीटर, विमानाने दीड तास. तू मात्र चंद्रावर राहिल्यासारखा वागतोस! अबोला पुरे. तुझ्या घरमालकिणीकडे फोनवर निरोपही ठेवलाय. ये. रीगाच्या विमानतळावर मी असेन. आईचा जीव तुझ्यात अडकलाय, माझाही.

तुझी ताई

कोपनहेगन, २० ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

विमानतळावर तू माझ्या बुटांकडे बघत राहिलीस. घोट्यापर्यंत काळा चिखल. दीड तास विमानात बसून हा कुठून लागला, असं विचारलंस आणि मी हसण्यावारी नेलं. मग बाबा तासाभरापूर्वीच गेले हे तू सांगितलंस. विमानात काय झालं ते आता लिहितो.

विमान समुद्रावर आलं आणि माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा मी आपल्या घरामागच्या दलदलीत, चिखलात बुडालेल्या फळ्यांच्या वाटेवर. पुढे बाबा, ताडताड चालत. मागे न बघताच ओरडले, की पाय उचल, बायकांसारखा काय रेंगाळतोस. आम्ही चालत राहिलो. दोनदा उजाडलं, दोनदा मावळलं. भांडणाचा विषय नाही. मध्येच त्यांनी विचारलं, तिकडे राय धान्याचा काळा पाव नीट भाजता ना, की सगळा भुसा? मी म्हटलं, तुमच्याच पद्धतीने भाजतो. त्यावर नुसतं हुं. मग थांबले, म्हणाले, आता तू जा, विल्मा उभी असेल. हवाई सुंदरीने खांदा हलवला. रीगा आलं होतं.

मला वेड लागलंय का, ते खरं सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आर्विस

ओलाइने, ३ नोव्हेंबर

चि. आर्विस, अनेक आशीर्वाद.

तू वेडा नाहीस. बाबांना अखेरची आंघोळ घालताना त्यांच्या पायांच्या तळव्यांना ताजे फोड दिसले, नखांत दलदलीची माती. आईने ती धुऊन काढली आणि मला म्हणाली, बोलायचं नाही.

आता दुसरंच ऐक. परवा जेवताना आईने विचारलं, आर्विसकडे जायला किती वेळ लागतो? दीड तास, मी म्हटलं, पण तिकीट काढावं लागेल. ती हसली. म्हणाली, तिकीट कशाला, वाट यांनी दाखवलीय.

आज सकाळपासून ती उठत नाही. श्वास चालू आहे, हाका ऐकत नाही. डॉक्टर येऊन गेले, त्यांना काही कळेना. मी पांघरूण सारून पाहिलं. तिचे पाय गार आहेत, ओले आहेत.

तुझं दार वाजलं तर तिला बसवू नकोस, चहा देऊ नकोस. पोटभर बघून घे आणि लगेच परत पाठव. मला ती इथे हवी आहे रे.

तुझी ताई