कोपरापर्यंत लाल हात

नारेताई,

स्वयंपाकघरात जपून पाय टाक, जमिनीवर लाल चवळी सांडलीय. थेसूला फोन करण्याआधी हे वाच.

दुपारी मी टीव्हीवर तो नवा कुऱ्हाडवाला सिनेमा बघत होते. अगदीच भंगार, भूत सर्दी झाल्यासारखं रडतं. तरी ऐन खुनाच्या वेळी मागे खुडबुड झाली. वळून बघते तर कोपरापर्यंत लाल हातांची एक बाई आपला फ्रिज उघडतेय! लाल चवळीला भूत घाबरतं ना, मी अख्खा डबा तिच्या तोंडावर रिकामा केला.

थेसूची आई, तुझी होणारी सासू निघाली गं! समोरच्या इमारतीत सकाळपासून कोबीची तिखट किमची घालत होत्या. तुझा वाटा घेऊन मिरचीने माखलेल्या हातमोज्यांनिशीच आल्या. दाराच्या कुलपाचा नंबर थेसूने दिलेला.

म्हटलं, मोडलं तुझं लग्न. पण काकूंनी केसांतली चवळी झटकली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे रक्त? माझ्या किमचीला याहून बरा रंग येतो. सरक तिकडे!" मग दर खुनाला "अगं, अजून जोरात हाण!" चालू.

मध्येच म्हणाल्या, "तुझी ताई गुणी आहे, पण तिला नुसते रडके कौटुंबिक सिनेमे आवडतात. जन्मभर काय बोलायचं तिच्याशी?" मला राहवलं नाही. तू गादीखाली लपवलेला झॉम्बींच्या सिनेमांच्या डीव्हीडींचा गठ्ठा दाखवला.

आम्ही थिएटरात चाललोय. काकूंनी तुझंही तिकीट काढलंय. हातमोजे सिंकमध्ये आहेत, येताना घेऊन ये. धुऊ नकोस, त्यांना थेसूला घाबरवायचंय.

दासोल