पायी फाट्यापर्यंत

२ जानेवारी २००५
पुण्याला जाऊन हार्मोनचं इंजेक्शन घेतलं. प्रोस्टेटची गाठ आटोक्यात आहे म्हणाले. पण या इंजेक्शनानं हाडं ठिसूळ होतात, पोट सुटतं, घाम फुटतो, उगाच रडू येतं. रोज भरभर चाला, नाहीतर एक दिवस हाड मोडून अंथरूण धराल, असं डॉक्टर बोलले. मी म्हणालो, डॉक्टर, दहा वर्षं सरपंच होतो, अख्खं मढ गाव पायाखाली घातलंय. उद्यापासून सुरू. घर ते फाटा, आणि परत.
कॅन्सरचं फक्त मला आणि माझ्या भरतला माहीत. पोराला शपथ घातलीय. बायकोला, सरूबाईला, सांगितलंय, गुडघ्याचं इंजेक्शन आहे.

३ जानेवारी
थंडी फार. उद्या नक्की.

५ जानेवारी
निघालो. शाळेपाशी शेजारच्या सयाजीनं मोटारसायकल आडवी घातली. "बसा भाऊ." म्हटलं, चालतोय. तर म्हणे, "तुमी पायी आन मी गाडीवर? बरं दिसतं का राव?" बसलो. फाट्यावर चहा, वर भजी, आणि परत त्याच्याच गाडीवर घरी. माजी सरपंचाला अजून एवढा मान आहे!

११ जानेवारी
दुधाचा टेम्पो थांबला. चहा, फरसाण.

१४ जानेवारी
आज तर एसटी थांबली. मी हातसुद्धा केला नव्हता. आत्ताच्या सरपंचासाठी थांबवून दाखवा म्हणावं.

२३ जानेवारी
डॉक्टरांनी वजन उचलायलाही सांगितलंय. नळावरून पाण्याचे हंडे आणायला गेलो. सरूबाईनं धावत येऊन हातातून काढून घेतले आणि मला डिंकाचा लाडू दिला. लाडू वजनदार होता.

३० जानेवारी
एवढ्या थंडीत घामानं निथळलो. पंखा लावला. सरूबाई म्हणाली, "मलाबी पाळी जाताना असंच व्हायचं." ही बाई काहीही बोलते. शर्टांची बटणंही लागेनात. गरम पाण्यात धुऊन आटवले असणार तिनं.

६ फेब्रुवारी
रस्ता सोडून मागच्या पांदीनं, शेतातल्या वाटेनं गेलो. तिथं कोण अडवणार? बांधावरून घसरलो. मनगटावर पडलो. मोडलं नाही, पण उठवेना. हाड मोडलं असतं तर? पलंगावर पडून राहायचं, सरूनं भरवायचं, लोकांनी बघायला यायचं? भीती वाटली. खरंच लई भीती वाटली.
रस्त्यानं लोक चालू देत नाहीत, पांदीनं जमत नाही, आणि खरं कारण सांगायला तोंड उघडत नाही. कोंडून घातल्यासारखं झालंय.
शेजारच्या शेतातला भागू बैलगाडी घेऊन आला. गाडीतूनच घरी.

२१ फेब्रुवारी
सयाजीवर भडकलो. म्हटलं, रोज रोज का अडवतोस रे? माझे पाय काय गहाण पडलेत? तर त्याच्याच डोळ्यांत पाणी. म्हणाला, "एवढा मोठा आजार तुमाला, आन पायी जाऊ द्यायचं? गाव थुंकंल माझ्या तोंडावर."
गावाला माहीत होतं. भरतनं आईला सांगितलं, आईनं नळावर. दिवाळीपासून सगळ्यांना माहीत. एसटीच्या ड्रायव्हरलासुद्धा. मी मान समजत होतो.
पुलावर बसून रडलो. इंजेक्शनचा इफेक्ट.
घरी येऊन सरूबाईला सगळं सांगितलं, हाडांचं, पोटाचं, रोज चालायचंही. तिनं लाडवाचा डबा उचलून वर फळीवर ठेवला. म्हणाली, "मंग तोंडात काय मिठाची गुळणी धरली व्हती?" बोलली आणि पदर डोळ्याला लावून लगेच नळावर गेली.

२३ फेब्रुवारी
आता रस्ता मोकळा. ताठ मानेनं निघालो. टेम्पोवाल्यानं हात जोडले आणि गेला. एसटी गेली. फाट्यापर्यंत पोचलो! चहा मागितला तर हॉटेलवाल्यानं बिनसाखरेचा दिला. भजी नाहीच.
परतीला अर्ध्या वाटेत पाय गळाले. सयाजी येताना दिसला. जोरात हात केला. त्यानंही केला. "चाला भाऊ, चाला! आता न्हाई आडवणार," ओरडून गेला. मागून भरत आला. माझा सख्खा मुलगा. हॉर्न वाजवून गेला.
कसाबसा घरी पोचलो. पोटऱ्या दगड झाल्यात. उद्या जरा सुट्टी घ्यावी म्हणतो. पण सरूबाईनं आळीभर सांगून ठेवलंय, भाऊ रोज सकाळी निघणार. उठवायला सयाजी येणार आहे.