चोकच्या आट्यांचे वंगण

मी, बंदुका दुरुस्त करणारा, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतात, पण त्यांना विचारून मी काही लिहीत नाही.

१. दुकान व मागची खोली माझ्या पश्चात वहिनीची, म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नीची. ती नको म्हणेल. पुतणीने समजूत काढावी.

२. लेथ व सर्व हत्यारे पुतणीला. तिचा हात माझ्याहून हलका आहे. तोंडावर हे कधी म्हटले नाही. एकच ताकीद. बंदुकीच्या तोंडात आटे फिरवून बसवायच्या नळीला, म्हणजे चोकला, पातळ तेल लावू नये. बार उडाले की नळी तापते, तेल जळते, आटे गंजतात. तांब्याची पूड घातलेले घट्ट ग्रीस लावावे, तेही नखभर, आटे पुसून.

३. समोरच्या कुलूपवाल्याने नेलेली माझी कानस त्याच्याकडेच राहू द्यावी. त्याला तेवढे पुरे.

४. हे कलम पुतणीने वहिनीला मोठ्याने वाचून दाखवावे.

बावीस वर्षांपूर्वी, नेमबाजीच्या हंगामाआधी, दादा बंदूक घेऊन आला. म्हणाला, "चोकला ग्रीस लाव रे, मागे अडकला होता." ग्रीस संपले होते. ते सांगायला मला कमीपणा वाटला. "ग्रीसला कचरा चिकटतो," असे म्हणून मी शिवणयंत्राचे तेल लावले.

दोन महिन्यांनी स्पर्धेत त्याने चोक बदलला. गंजलेल्या आट्यांत नवा चोक अर्ध्यावरच अडकला. हाताला वाटले, पुरता बसला. तिसऱ्या बाराला बंदुकीचे तोंड फाटले. लोखंडाची कपची दादाच्या उजव्या डोळ्यात गेली. डोळा वाचला नाही.

दवाखान्यात चौकशीला माणसे आली. मी खाटेशेजारी उभा होतो. दादा म्हणाला, "चूक माझी. मी नीट आवळला नव्हता." माझा परवाना राहिला.

ते गेल्यावर त्याने विचारले, "ग्रीस संपलं होतं ना?"

"हो."

"सांगायचंस. मी आणून दिलं असतं."

पुढे अकरा वर्षे, जाईपर्यंत, त्याने विषय काढला नाही. वहिनी मात्र वैतागली की म्हणायची, "स्वतःच्या हाताने डोळा घालवून बसलात." तो मान खाली घालून ऐकायचा. मीही शेजारच्या ताटावर बसून ऐकायचो.

वहिनी, तो निष्काळजी नव्हता. मी होतो.

हे समोर बसून सांगायला हवे होते. तो गेल्यावर दोनदा आलो. दोन्ही वेळा तुम्ही दारातच विचारलेत, "भावजी, जेवणार ना?" आणि मी जेवून परत गेलो.

सही माझी, दोघांच्या देखत. मजकूर त्यांना वाचू दिलेला नाही.

साक्षीदार: शेजारचा शिंपी (सही), औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)
ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळ