तळं दुपारी बरळतं

८ जून
पुन्हा कचरा! सकाळभर तळ्यावरच्या माझ्या यंत्राकडून आकडे नीट येत होते, पाण्यात प्राणवायू किती ते. दुपार झाली आणि पडद्यावर नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं, तुटकी अक्षरं. वर भोंगाही वाजला. बाबा ताट सोडून धावले. तळ्यात शबाही मासे मजेत उड्या मारत होते.

शेजारच्या तळ्यावरून आ-खुन काका ओरडले, "काय गं इंजिनियर, माशांना जेवायला हाक मारतेस होय?"

बाबा भोंगा बंद करून गार झालेल्या ताटावर परत जाऊन बसले.

९ जून
दोन वर्षांपूर्वी उकाड्यातल्या एका पहाटे पाण्यातला प्राणवायू संपला. पाण्यात हवा घुसळणाऱ्या चक्क्या सुरू करेपर्यंत सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. तेव्हापासून बाबा रात्री घरात झोपत नाहीत. काठावरच्या झोपडीत विजेरी घेऊन बसतात. आता डॉक्टर म्हणतात, हृदयाला हे जागरण झेपणार नाही. आईला वाटतं, तळं सौरऊर्जेच्या कंपनीला द्यावं. त्यांचा माणूस रविवारी कागद घेऊन येणार.

बाबांनी निकाल दिला, "तोवर तुझं यंत्र नीट बोललं तर तळं राहील. नाहीतर सही."

मी म्हटलं, "बाबा, पहाटे ते नीटच बोलतं!"

"दुपारी बरळणाऱ्याच्या पहाटेच्या शब्दावर झोपू होय मी?"

बरोबरच आहे! घरातली पहिली पदवी माझी. ती भिंतीवर टांगायला नाही घेतली. या किनाऱ्यावर एकाही बापाला तळ्याकाठी जागावं लागू नये — एवढंच करायचंय मला. आणि माझाच बाप जागतोय.

१० जून
पाण्यातल्या मापकापासून खांबावरच्या डब्यातल्या बोर्डापर्यंत सगळी तार बदलली. दोघांचा बोलण्याचा वेग तपासला — एकच. बोर्ड घरी आणला, त्याचं बोलायचं टोक त्याच्याच ऐकायच्या टोकाला जोडलं. जे बोलला तेच ऐकलं, एक अक्षर चुकलं नाही. अगदी तुझ्या-माझ्यासारखं, वही.

मग बिघाड आहे कुठे?

आई म्हणाली, "पाकीट ठेवलंस ना?" ठेवलं म्हणजे काय! यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे सगळेच ठेवतात ते खाऊचं हिरवं पाकीट, हिरव्या दिव्यासारखं. पिवळं चालत नाही, लाल तर नाहीच. कॉलेजात प्रत्येक यंत्रावर असायचं. मीच डब्यात गच्च दाबून बसवलंय. मुदतसुद्धा बघून!

१२ जून
रडले. कुणाला दिसू दिलं नाही.

१३ जून
सापडलं! सापडलं!

भर दुपारी तळ्यावर गेले. कचराच चालू होता. सकाळची पेज तशीच टाकून आलेले, पोटात आग. डबा उघडला आणि रागाने यंत्राचा खाऊ फोडून मीच खायला लागले. नारळाची चव — आणि गरम! तव्यावरून काढल्यासारखा गरम. पाकीट संपेपर्यंत पडद्यावर आकडे. स्वच्छ.

गरम! पाकिटाने डब्याची वाऱ्याची भोकं बुजवली होती. आत बोर्ड भाजत होता, आणि त्याच्यातलं स्वस्तातलं घड्याळ तापून बहकत होतं. मापक बिचारा गार पाण्यात. ठोके जुळेनात, म्हणून अक्षरं फुटायची. घरात मात्र बोर्ड स्वतःशीच बोलत होता — स्वतःशी बोलताना कुणाचं घड्याळ चुकतं!

दुकानातून दुसरं पाकीट आणलं. भोकांवर ठेवलं, डबा तापला — कचरा. काढलं — आकडे. पुन्हा ठेवलं — कचरा! मी बांधावर नाचले.

"उन्हाने पोरगी कामातून गेली!" आ-खुन काका म्हणाले. म्हणू देत!

आईने कपाळाला हात लावला. "यंत्राचा खाऊ खाल्लास? लाज नाही वाटली?"

१४ जून
ताइनान शहरातून घड्याळासाठी क्वार्ट्झचा स्फटिक आणून बोर्डावर सोल्डर करून बसवला. आता कितीही तापो, ठोका ढळणार नाही. दुपारी बाबा स्वतः परीक्षा घ्यायला बसले. भोकं फडक्याने बुजवली, डब्यावर काळं कापड टाकलं, स्टूल ओढलं. आकडे. आकडे. ऊन उतरेपर्यंत एक अक्षर फुटलं नाही!

आईने तरीही नवं हिरवं पाकीट आणलं. मी ते बाहेर खांबाला बांधलं. असू दे.

बाबा म्हणाले, "बघू." आणि अंधार पडल्यावर विजेरी उचलून झोपडीकडे निघाले. नेहमीसारखेच. यंत्र पास झालं, मी नाही.

१५ जून, रविवार
सकाळी उठले तर बाबांची विजेरी या वहीवर ठेवलेली.

कंपनीचा माणूस कागद घेऊन आला तेव्हा ऊन ओसरीपर्यंत आलं होतं. आई दारातच उभी राहिली.

"झोपलेत. आत, खाटेवर."

"मग मी कधी येऊ, मावशी?"

"येऊ नका. आणि हळू बोला."