पलंगाखालचं बटण

९ फेब्रुवारी, सोमवार

पोचले. कंबरेचे तुकडे झाले. स्टेशनपासून जीपने साडेतीन तास, त्यातला शेवटचा तास तर रस्ताच नाही. नुसती वाळू आणि ड्रायव्हरचा अंदाज! आणि या सगळ्याच्या शेवटी काय, तर बारा तंबू. अर्थात शाळेच्या सहलीतले तंबू नव्हेत हे. आत लाकडी जमीन, माणूस हरवेल एवढा पलंग, न्हाणीघरात पितळी नळ. एका रात्रीचं भाडं माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त. म्हणजे पगार होता तेव्हाच्या.

चिमणी दारातच उभी होती. "बाई!" म्हणून सगळ्यांदेखत गळ्यात पडली. तिला इथे मॅडम म्हणतात. चिमणीला! अठरा वर्षांपूर्वी आमच्या हॉटेलात कामाला आली तेव्हा चादर झटकताना चादरीबरोबर हीच उडेल की काय वाटायचं. म्हणून चिमणी. नाव मीच ठेवलं. चादर धरायची कशी इथपासून मीच शिकवलं. आता ती या अख्ख्या लॉजची मॅनेजर, आणि मी तिची पाहुणी. सहा दिवस, फुकट.

"तुम्ही फक्त आराम करायचा, बाई. आणि काही खटकलं तर सांगायचं. अगदी स्पष्ट."

आराम गेलं दीड वर्ष करतेच आहे. हॉटेल बंद पडलं, एकोणतीस वर्षं हाउसकीपिंगची मुख्य असलेली मी एका दिवसात भावाच्या घरची पाहुणी झाले. वहिनी वाईट नाही. पण मी चादर घालायला गेले की म्हणते, "राहू द्या हो वन्सं, तुम्ही बसा." बसा! बसून बसून गंज चढला.

इथे कोण वाचतंय, म्हणून लिहूनच टाकते. पोटात दुखतंय माझ्या. चिमणीच्या मनगटावरचं महागडं घड्याळ बघितल्यापासून दुखतंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गरम पाणी! सकाळी नळ सोडला तर गार. घड्याळ लावून मोजलं. अकरा मिनिटांनी कोमट, चौदाव्या मिनिटाला चटका बसेल असं, आणि अंगाला साबण लागला तोवर पुन्हा गार. पितळी नळ चाटायचेत का? बडा घर, पोकळ वासा.

वाळू सगळीकडे. चपलेत, चहाच्या कपात, या वहीच्या शिवणीत. वाळवंटात वाळू असणारच म्हणा. त्याला मी नावं ठेवणार नाही, मी काही आडमुठी नाही.

पण उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडे! दोन्ही नाही, एकाच उशीचं. पाहुणा आत येतो तेव्हा त्याला अभ्र्याची बंद बाजू दिसली पाहिजे, हे मी चिमणीला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मॅनेजर झाली आणि विसरली. मग चादर बघितली. तीन कोपरे पाकिटासारखे दुमडलेले, चौथा नुसता खोचलेला, पिशवीत लुगडं कोंबावं तसा. मला जे सुख झालं ते काय सांगू! दिवसभर त्या कोपऱ्याकडे बघत होते.

जेवणाच्या वेळी आली. "काही खटकलं का, बाई?"

"छे गं, सगळं छान."

सांगू कशाला? माझी एकोणतीस वर्षं फुकट वाटायला काढली नाहीयेत.

११ फेब्रुवारी, बुधवार

धोबीकाका भेटले! आमच्या हॉटेलातले. चिमणीने बोलावून घेतलंय त्यांना. इस्त्री करता करता तिची आरती चालू: मॅडमनी हे केलं, मॅडमनी ते केलं. "मॅडम नव्या पोरींना अजून तुमच्यासारखंच शिकवतात हो. सात चुकांची खोली!"

झालं. माझी पद्धतही हिने उचलली. ती माझी होती, एकटीची! नवी मुलगी कामावर पक्की करायच्या आधी मी एक खोली तयार करायचे आणि त्यात मुद्दाम सात चुका पेरायचे. दर वेळी वेगळ्या. मुलीने आत जाऊन त्या शोधायच्या. सहा कशाही असोत, सातवी मात्र कायम पलंगाखाली. बहुतेक काडेपेटीतली एखादी काडी. गुडघे टेकून वाकेल तिलाच दिसेल. जी वाकत नाही ती हाउसकीपिंगला उपयोगाची नाही.

चिमणीला सहा सापडल्या होत्या. सातवीसाठी घामाघूम झाली, रडायलाच आली. मी दारात उभी. मग मी नुसता बूट जमिनीवर दोनदा आपटला. टक, टक. तिने खाली बघितलं, वाकली, काडी काढली. पास केलं मी तिला. त्या दिवशी बूट आपटला नसता तर ही आज कुठे असती? ही गोष्ट ती या बड्या पाहुण्यांना सांगते का कधी? सांगत नसणार.

तंबूतलं भिंतीवरचं घड्याळ बारा मिनिटं मागे. कपाटात सहा हँगर, पाच एका दिशेला आणि एकच उलट्या तोंडाचा. लिहून ठेवते, जुनी खोड.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटे उठवून उघड्या जीपमधून जनावरं दाखवायला नेलं. दात वाजत होते. घोंगडी दिली ती आखूड. गुडघे झाका तर खांदे उघडे, खांदे झाका तर गुडघे. गाइड म्हणाला, "कोल्हा हमखास दिसतो." दोन तासांत काय दिसलं? कोल्ह्याची लेंडी. ती मात्र जीप थांबवून, दुर्बीण देऊन दाखवली! शेजारी एक म्हातारा पाहुणा होता. तो म्हणाला, "एवढे पैसे देऊन?" मी म्हटलं, "मला फुकट आहे, तरी महाग वाटतंय." खूप हसला. बऱ्याच दिवसांनी माझ्या बोलण्यावर कुणी हसलं.

परत आले तर त्याच म्हाताऱ्याची बायको चिमणीचा हात हातात घेऊन म्हणत होती, "तू आहेस म्हणून आम्ही दर वर्षी येतो." चिमणी मला बघून लाजली आणि म्हणाली, "मला यांनी घडवलंय." ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे वा! तुम्ही हिच्या आई का?"

आई! चौदाच वर्षांनी तर मोठी आहे मी. तोंड दुखेपर्यंत हसले आणि तंबूत येऊन दार लावून घेतलं.

आरशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बोटाचा ठसा. दोन टॉवेलांपैकी एकाची घडी उलटी, काठ बाहेर. घड्याळ अजून बारा मिनिटं मागेच. चौथा दिवस! रोज झाडायला येतात, रोज चादर बदलतात, आणि पुन्हा तीच उशी, तोच कोपरा. कुणी डोळे उघडून बघतच नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. चिमणे, नुसती मॅडम झालीस.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज राहवलं नाही. दुपारी तंबूत एकटी होते. गुडघे कुरकुरत होते, तरी टेकले. पलंगाची कड धरून खाली वाकले.

होतं! एक काळं बटण. शर्टाचं.

मी परीक्षेसाठी मुद्दाम ठेवायचे ते हिच्या राज्यात न ठेवताच सापडतं! इतका आनंद झाला की उठताना गुडघ्याचं भानच राहिलं नाही. बटण तिथेच ठेवलं. माझ्याने उचलवलं नाही. म्हटलं, राहू दे पुरावा.

संध्याकाळी चिमणी आली. उगाचच बसली. माझ्या पायांशी, खाली, पूर्वी सामानाच्या खोलीत बसायची तशी. जरा थकलेली दिसली. म्हणाली, "उद्या मालक येणार आहेत, बाई. तुमच्याशी बोलायचंय त्यांना. जे दिसलं ते सगळं सांगा हं. माझी भीड धरू नका."

वरून गोड. आतून टरकली असणार! मालकासमोर माझ्यासारखी माणसं बसवली की काय होतं ते तिला ठाऊक आहे. क्षणभर तिच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला. एक पांढरा केस दिसला तिचा. मग मनगटावरचं घड्याळ दिसलं आणि हात मागे घेतला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दहाला बोलावलं. चिमणीचं ऑफिस म्हणजे काचेचं, बाहेर थेट वाळवंट. मला काय होतं? जिन्याखालची खोली, तिथे उभं राहिलं की डोकं आपटायचं.

मालक साठीचे, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, शांत बोलणारे. समोर एक बंद पाकीट आणि कोरा कागद. पाकीट म्हणजे चिमणीच्या बढतीचं पत्र, दुसरं काय! चिमणी माझ्या शेजारी.

"तुम्ही इतकी वर्षं हे काम केलंत. पाच दिवस राहिलात. काय चुकलं आमचं? मोकळेपणाने सांगा."

जिभेवर सगळं होतं. उशीपासून बटणापर्यंत, ओळीने. तोंड उघडलं की चिमणीची मॅडमगिरी तिथल्या तिथे संपली असती. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती, ओठ आवळून. आणि टेबलाखाली तिने बूट आपटला. टक, टक.

घाबरली! गप्प बसा म्हणून खुणावते मला. आणि तेवढ्यात मला कळलं, बोलण्यापेक्षा मोठं सुख न बोलण्यात आहे. बोलले तर ती सगळं लिहून घेईल, सुधारेल, आणि शहाणी तीच ठरेल. नाही बोलले तर मीच तिला वाचवलं. जन्मभर माझ्या उपकारात राहील.

"काही नाही चुकलं," मी म्हटलं. "सगळं उत्तम आहे. नाव ठेवायला जागा नाही."

"काहीच नाही? एखादी बारीकशी गोष्टसुद्धा?"

"गरम पाणी जरा उशिरा येतं. बाकी काही नाही."

"बाई, नीट आठवा ना," चिमणी म्हणाली. मालकासमोरचं नाटक! मी तिचा हात थोपटला आणि म्हटलं, "अगं, नाहीच काही, तर काय सांगू?"

मालकांनी चष्मा काढला. कोऱ्या कागदावर काहीच लिहिलं नव्हतं. "ठीक आहे. आभारी आहे," म्हणाले आणि पाकीट चिमणीकडे सरकवलं. चिमणीने ते उचललं आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. बढती मिळाल्यावर माणूस असं जातं होय? पण असेल, डोळे भरून आले असतील.

जेवण चांगलं गेलं आज.

१५ फेब्रुवारी, रविवार

निघाले. चिमणीने स्वतः बॅग भरून दिली. साड्यांच्या घड्या अगदी माझ्यासारख्या. जीप दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. धोबीकाका मात्र निरोपाला आले नाहीत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

भावाचं घर. बॅग रिकामी करताना तळाशी ते पाकीट सापडलं. उघडलेलं. आत चिमणीच्या अक्षरातली यादी, आठ तारखेची, मी यायच्या आदल्या दिवसाची. एक, उशी. दोन, चादरीचा कोपरा. तीन, घड्याळ. चार, हँगर. पाच, आरसा. सहा, टॉवेल. सात, पलंगाखाली बटण. खाली मालकांसाठी एक ओळ: "बाईंना यातल्या सातही दिसतील, माझी खात्री आहे. आपल्या पाचही लॉजच्या तपासणीचं काम त्यांनाच द्यावं."

आणि मागच्या बाजूला, घाईत, मला लिहिलेलं: "बाई, आधी सांगितलं असतं तर परीक्षा ठरली नसती. शेवटी बूटसुद्धा आपटला. मालक म्हणतात, वय झालं त्यांचं, नजर गेली. मी नाही मानत. तुम्हाला खरंच एकही दिसली नाही? तुम्ही सांगाल ते मी त्यांना कळवीन."

सगळ्या दिसल्या गं. या वहीत आहेत, तारखांसकट. दहाला उशी, तेराला बटण. ही पानं पाठवली की झालं.

वहिनीकडून कात्री मागून आणली. तासभर झाला. चुका तेवढ्या कापून निघत नाहीत. जिथे उशी आहे तिथे चिमणीला ठेवलेली नावं आहेत, जिथे बटण आहे तिथेही तीच.

काय कळवू? नजर गेली म्हणू, की जळले म्हणू?