चिलट मागून ओळखायचं असतं

आबा, चिलट नवंच निघालं. आज सकाळी मासिकात छापून आलं आणि गारखेड्यातल्या खोलीत मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "चिलटासाठी इतक्या दूर कशाला गेलीस गं? आपल्या मेंढरांभोवती काय कमी व्हती?" ही बुरशीवरची चिलटं, आबा. यांची अळी अळंबीत वाढते. हिमालयात जिथं झाडं संपत येतात आणि बोलतानाही धाप लागते, तिथं मी तंबूसारखा जाळीचा सापळा लावला होता. त्याच्या बाटलीत हा एकुलता एक नर सापडला, तांदळाच्या कणीएवढा. परदेशातल्या एका जाणकारांना मी फोटो पाठवले. त्यांनी दोन ओळींत निकाल लावला: जात जुनीच आहे, पंखावरचा डाग बघा. डाग खरंच तसाच होता. तीन वर्षांची पायपीट पाण्यात गेली असं वाटलं, आणि दोन दिवस मी सूक्ष्मदर्शकावरचं कापडही काढलं नाही.

मग वैजापूरकडची ती संध्याकाळ आठवली. मी नऊ-दहा वर्षांची. मेंढ्या जाळीच्या वाड्यात आल्यात आणि तुम्ही मला कोकरं त्यांच्या त्यांच्या आयांना पाजायला सांगता. दोन मेंढ्यांच्या कपाळावर सारखाच काळा ठिपका. मी कोकरांची अदलाबदल करते, मेंढी परक्या कोकराला ढुशी देऊन उडवते, आणि तुम्ही काठी आपटता. "तोंड काय बघायली? मागून बघ! आपुन जलमभर मेंढराच्या मागं चालतो, पुढं नाय." मला लई रडू आलं होतं. पण त्यानंतर माझं एकही कोकरू चुकलं नाही.

या चिलटांची जात नराच्या शेपटाकडच्या टोकावरून ठरते, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण नर एकच. कापताना तुटला तर पुरावाच गेला, या भीतीनं मी डागावर भागवत होते. तिसऱ्या दिवशी मन घट्ट केलं, सुईनं टोक वेगळं केलं, साफ करून काचेवर ठेवलं. जुन्या जातीला तिथं हुकासारखा एक साधा आकडा असतो. याला दोन होते, आणि दोन्हींना बारीक दाते! मी "मागून बघ!" असं इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या खाला धावत आल्या. "क्या हुआ बेटा, साप निकला क्या?" म्हटलं, नाही खाला, चिलट निघालं. जाणकारांनी नवं चित्र बघून चूक मोकळेपणानं कबूल केली. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी जेवायचंही राहिलं.

चिलटाला मी लॅटिनमधलं मेंढपाळाचं नाव दिलंय. नाव का दिलं ते एका ओळीत लिहावं लागतं. मी लिहिलं, 'माझे वडील मेंढपाळ होते.'

तुम्ही असता आणि हे पत्र मी टाकलं असतं, तरी तुम्हाला ते दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, म्हणून पुढचं इथंच राहू दे. कॉलेजच्या प्रवेशाला तुम्ही खांद्यावर घोंगडं टाकून एसटीनं आला होतात. फॉर्मवर बोट ठेवून विचारलंत, "माझं काय लिवलंस?" मी वाचून दाखवलं, 'मेंढपाळ.' तुम्ही खूश होऊन कारकुनालासुद्धा चहा पाजलात. कागदावर मी 'शेती' लिहिलं होतं, आबा. आपल्याला वीतभरही जमीन नव्हती.